हाफकिन यांचा हिशेब

परळच्या हाफकिन संस्थेवरून रोज हजारो माणसे जातात. बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरहून कामाला येणाऱ्या नोकरदाराच्या मनात ते नाव लसीशी जोडलेले असते. ज्या माणसाचे ते नाव, त्याचे चरित्र मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. आज त्याचे स्मरण करण्यास एक निमित्त आहे. पोटाच्या जुनाट तक्रारींवर पोस्टबायोटिक नावाच्या पुड्या आणि गोळ्या बाजारात येऊ लागल्या आहेत. मृत जिवाणू किंवा त्यांचे अंश शरीराला हितकारक ठरू शकतात, ही त्यामागची कल्पना. मृत जिवाणू माणसाच्या उपयोगी पडू शकतात, हे या शहराने सव्वाशे वर्षांपूर्वीच पाहिले होते. आणि ते पारखावे कसे, हेही.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथील ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकॉव्ह हे गुरू लाभले. पुढे मेचनिकॉव्ह पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले आणि त्यांच्यामागोमाग शिष्यही तेथे पोहोचला. आरंभी त्याला मिळाली ती ग्रंथालयातील साहाय्यकाची जागा. फावल्या वेळात प्रयोग करीत त्याने पटकीवरील लस सिद्ध केली आणि जुलै १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्याच वर्षी हाफकिन कलकत्त्यास आले.

या गुरुशिष्यांच्या वाटा पुढे ज्या प्रकारे वेगळ्या झाल्या, त्या लक्षात घेण्याजोग्या आहेत. शरीरातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळतात या शोधासाठी मेचनिकॉव्ह यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांच्या उतारवयातील विचार मात्र मोठ्या आतड्याभोवती फिरत राहिला. आतड्यातील कुजणाऱ्या द्रव्यांमुळे वार्धक्य लवकर येते आणि आंबवलेल्या दुधातील जिवाणू ते लांबवू शकतात, असे त्यांचे मत होते. त्यांच्या निरीक्षणात तथ्याचा अंश होता, परंतु निष्कर्ष पुराव्याच्या पुष्कळ पुढे धावला. बाजार तर त्यांच्याही पुढे धावला आणि आंबट दुधाच्या गोळ्या विकू लागला. स्वतः मेचनिकॉव्ह १९१६ मध्ये एकाहत्तराव्या वर्षी निवर्तले.

शिष्याची कसोटी मुंबईत लागली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. लाखो माणसे शहर सोडून निघाली. ऑक्टोबरात हाफकिन येथे आले. त्यांना भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली व एक व्हरांडा मिळाला, आणि हाताखाली एक कारकून व तीन शिपाई. मांसरसात तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांनी प्लेगचे जंतू वाढविले, उष्णता देऊन ते मारले, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, परंतु माणूस वाचला.

एवढ्यावर थांबते, तर ते केवळ धाडस झाले असते. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी स्वेच्छेने पुढे आले त्यांना लस दिली गेली. उरलेल्यांना दिली गेली नाही. दोघांचेही अन्न एक, छप्पर एक. टोचणीच्या वेळीच आजारी असलेले वगळता, लस घेतलेल्यांपैकी दोघांना लागण झाली आणि मृत्यू एकही नाही. न घेतलेल्यांपैकी बारा जण आजारी पडले व सहा दगावले. दोन गट, दोन आकडे, त्यांतील वजाबाकी. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला हाफकिन आपले वाटतात ते या वजाबाकीमुळे.

लसीची मागणी वाढली आणि १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. त्यानंतर आघात झाला. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. एकाच बाटलीतून लस घेतलेले एकोणीस जण धनुर्वाताने मरण पावले. चौकशीने दोष प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा पुरेसा निर्जंतुक न करता वापरला गेला होता, ही गोष्ट पुढे आली. तरीही न्याय मिळण्यास १९०७ उजाडले; रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांना त्यासाठी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहावे लागले. हाफकिन कलकत्त्यास परतले, पण पूर्वीचे काम त्यांच्या हाती पुन्हा आले नाही. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

आता आजच्या प्रश्नाकडे वळू. अंधेरीची गाडी पकडण्यापूर्वी तीनदा शौचास जावे लागते, प्रवासात पोटात कळ येते, आणि तपासण्यांत मात्र काहीच सापडत नाही, अशी तक्रार शिक्षकांच्या खोलीत आणि कचेऱ्यांत कुजबुजत्या स्वरात ऐकू येते. आतड्याच्या या क्षोभाला वैद्यक इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणते. आतड्याचे अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते व पेशींमधले सांधे ते बंद ठेवतात. काही रुग्णांत हे सांधे सैल झालेले आढळतात. हा बांध सावरण्यास मृत जिवाणूंचे अंश साहाय्य करतात काय, याचा शोध चालू आहे.

२०२० मध्ये जर्मनीतील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४४३ रुग्णांपैकी निम्म्यांना उष्णतेने मारलेले बिफिडोबॅक्टेरियम आणि निम्म्यांना निरुपद्रवी पोकळ गोळी आठ आठवडे देण्यात आली. पहिल्या गटात शंभरांतील ३४ जणांना ठरविलेल्या निकषानुसार आराम पडला. दुसऱ्यात १९ जणांना. भायखळ्याची वजाबाकी येथे करावी: फरक पंधरांचा. म्हणजे गोळी घेणाऱ्या सुमारे सात जणांपैकी एकाला औषधाच्या गुणाने लाभ झाला. हा लाभ नगण्य नव्हे. परंतु तो चमत्कारही नव्हे, आणि एका जातीच्या जिवाणूवरून दुसऱ्याचा गुण सिद्ध होत नाही.

ज्याचा पगार महिनाअखेरीस संपतो, त्याला हा फरक कोणी सांगत नाही. वेष्टनावर आश्वासन असते, वजाबाकी नसते. पोटाच्या विकाराबद्दल बोलण्याचा संकोच हाच या बाजाराचा मोठा भांडवलदार आहे. पहिला खर्च दुकानात न करता डॉक्टरकडे करावा. रक्त पडत असेल किंवा वजन घटत असेल, तर विलंब मुळीच करू नये. आपल्या घरची कढी उकळली की ताकातील जिवाणूही मरतातच. म्हणून कढीला कोणी औषध ठरवू नये, आणि महाग वेष्टनात आहे म्हणून मृत जिवाणूला संजीवनीही मानू नये.

नवी गोळी हाती घेताना दोन प्रश्न विचारावेत. ती न घेणाऱ्यांचे काय झाले? आणि ही बाटली स्वच्छ हातांनी भरली गेली काय? पहिला प्रश्न भायखळ्याने शिकविला. दुसऱ्याची किंमत मुल्कोवालच्या एकोणीस जणांनी आणि एका शास्त्रज्ञाने मोजली.