अन्न, आसरा आणि काम : पंडिता रमाबाईंचे जीवन

दुष्काळात माणसे अन्नावाचून मरतात हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु मदतीच्या दारापर्यंत पोहोचल्यावरही निराधार स्त्रीचे संकट संपत नाही, ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी एका स्त्रीने समाजापुढे व सरकारपुढे निर्भयपणे मांडली. त्या पंडिता रमाबाई सरस्वती होत. त्यांची विद्वत्ता सर्वांना परिचित आहे. पण त्यांच्या सेवेचे मूळ त्यांनी स्वतः सोसलेल्या भुकेत आहे, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील पश्चिम घाटात गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी संस्कृत शिकवले. लोकांना ते रुचले नाही, म्हणून त्यांनी रानात आश्रम केला. आलेल्या-गेलेल्यांचे आदरातिथ्य करता करता पैसा संपला, कर्ज झाले, आणि रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. वेताच्या पेटीत घालून एका माणसाच्या डोक्यावरून या बालिकेने घर सोडले. पुढे पुराण सांगत गावोगाव फिरणे हाच या कुटुंबाचा चरितार्थ झाला. आईने कन्येला संस्कृत शिकवले ते या भ्रमंतीतच.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकायला व दक्षिणा द्यायला कोणी उरले नाही. दागदागिने आणि भांडीकुंडी विकून झाली. भीक मागण्याची लाज वाटे, अंगमेहनत करणे कुळाला कमीपणाचे वाटे, आणि पोट भरण्याची दुसरी कोणतीही कला हाती नव्हती. काही दिवस रानातील पाने खाऊन काढले. अखेर मोठा भाऊ श्रीनिवास याने मजुरी करण्याचा निश्चय केला, परंतु तोवर फार उशीर झाला होता. वडील गेले, काही दिवसांनी आई गेली, नंतर थोरली बहीणही गेली. मरणाच्या दारी असलेल्या आईसाठी शेजारणीकडे भाकरीचा तुकडा मागायला गेलेल्या रमाबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांचा चेहरा पाहूनच त्या बाईने भाकरी दिली. पण आईला ती खाववली नाही. आईच्या तिरडीला खांदा द्यायला माणसे मिळेनात. खांदेकऱ्यांत रमाबाईंना उभे राहावे लागले, आणि त्या सर्वांत ठेंगण्या असल्याने त्यांनी ती तिरडी डोक्यावर घेतली.

आपण ज्याला कायक म्हणतो, त्या कष्टाला हीन मानणारी विद्या संकटात किती पांगळी ठरते, याचा हा जळजळीत दाखला आहे. रमाबाईंनी तो जन्मभर विसरला नाही.

पुढे ही दोघे भावंडे पायी हजारो मैल फिरली. पंजाबात झेलमच्या काठी, अंगावर पांघरूण नसल्याने, वाळूत खड्डे करून व अंगावर वाळू ओढून त्यांनी थंडीची रात्र काढली. १८७८ साली ती कोलकात्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातिबंधन मोडून नोंदणी विवाह केला. १८८१ साली कन्या मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या आरंभी पती पटकीने गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत रमाबाई विधवा झाल्या.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, आणि हंटर आयोगापुढे स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर यांची आवश्यकता मांडली. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या व तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेथून अमेरिकेस जाऊन त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि बालविधवांसाठी निधी उभा केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. दुसऱ्या वर्षी ते पुण्यास आले. त्यातील आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून प्रसिद्ध झाल्या.

सदनात धर्मांतराला वाव मिळतो, असा आक्षेप घेऊन १८९३ साली रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले. अनेक पालकांनी मुली परत नेल्या. पुढे केडगावी तर ख्रिस्ती धर्माचे शिक्षण उघडपणे दिले जाई. हा मतभेद खरा होता, आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु ज्यांना त्यांचा धर्म मान्य नव्हता, त्यांच्यापैकी किती जणांनी त्या मुलींना आपल्या घरात जागा दिली असती, हाही प्रश्न तितकाच खरा आहे.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. ती बातमी ऐकताच रमाबाईंना आपले वीस-बावीस वर्षांपूर्वीचे दिवस आठवले व त्या स्वतः तिकडे गेल्या. सरकारने दुष्काळी कामे काढली होती. तेथे खडी फोडणे, माती वाहणे अशी कामे असत, आणि कामाचे माप घेऊन मजुरी मिळे. अशक्त लोकांसाठी गरीबखाने होते. म्हणजे मदत मुळीच नव्हती असे नाही. पण रमाबाईंनी कागदावरील व्यवस्थेच्या पलीकडे पाहिले. मजुरी मुकादमाच्या हाती होती, आणि पाठीराखा नसलेल्या तरुण मुलीला त्या मजुरीची किंमत अब्रूने मोजावी लागे. मुली पळवून विकणारे लोक छावण्यांभोवती घिरट्या घालत. गरीबखान्यांत घाण होती, आणि वयात आलेल्या मुलींना वेगळा आसरा नव्हता. हे सर्व त्यांनी नावानिशी लिहून प्रसिद्ध केले.

तेथून त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. पण पुण्यात त्या वेळी प्लेग होता. शहरात नवी माणसे ठेवू नयेत असा हुकूम निघाला. तेव्हा दौंड तालुक्यातील केडगाव येथे आधी घेतलेल्या शेतजमिनीवर तंबू व झोपड्या उभारून त्यांनी या मुलींची सोय केली. हेच पुढे मुक्ती सदन झाले. त्याच वर्षी प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची जी परवड चालली होती, तीही रमाबाईंनी वृत्तपत्रात लिहिली. मुंबईच्या गव्हर्नरांनी ते नाकारले. रमाबाईंनी मात्र आपले म्हणणे मागे घेतले नाही.

१९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातील मुलीही आल्या आणि तेथील संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली. एवढ्या तोंडांना नुसते अन्न देऊन भागणारे नव्हते. तेथे शेती, विणकाम, शिवणकाम, गुरे राखणे, तेल काढणे आणि छापखाना हे सर्व स्त्रियाच चालवीत. कोणी शिक्षिका झाली, कोणी परिचारिका झाली. अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवले. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. कोणी विहिरीवर, कोणी मागावर, कोणी खिळे जुळवण्यात, अशी प्रत्येक हाताला कामाची सवय लागली. ज्या घरात मजुरीची लाज वाटल्याने माणसे मेली, त्या घरातील लेकीने हजारो मुलींना मजुरीचा अभिमान शिकवला.

मनोरमाबाईही आईच्या कार्यात उतरल्या. निजाम राज्यातील गुलबर्ग्यास त्यांनी मुलींची शाळा काढली. २४ जुलै १९२१ रोजी त्या आईच्या आधी गेल्या. त्यानंतर रमाबाई फार दिवस राहिल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी त्यांचे देहावसान झाले. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. मुक्तीचे काम आजही चालू आहे.

रमाबाईंच्या जीवनातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. अन्न दिले पण आसरा दिला नाही, तर ते अन्न घेताना स्त्रीला आपली अब्रू धोक्यात घालावी लागते. अन्न आणि आसरा दोन्ही दिले पण हाताला काम दिले नाही, तर ती जन्मभर दुसऱ्याच्या दयेवर राहते. तिन्ही एकत्र मिळाली तरच मदत पुरी होते. आज विधवेला, परित्यक्तेला सरकारी योजनांतून पैसे मिळतात, शिधा मिळतो. तो तिच्या हाती पडेपर्यंत वाटेत कोणाकोणापुढे तिला मान खाली घालावी लागते, हे आपण कधी विचारले आहे काय? आपल्या गल्लीतील अशी एक तरी बाई आठवून पाहावी, आणि तिच्याबरोबर कचेरीपर्यंत चालत जावे. रमाबाईंचे खरे स्मरण तेवढ्यानेही होईल.