रात्री हातातली ‘बॅटरी’ दगा का देते? उत्तर सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या व्होल्टाकडे आहे

डिसेंबरची रात्र. निफाड तालुक्यातलं कुठलंही शिवार धरा. थ्री फेजची लाईट रात्रपाळीला आलीय, म्हणजे गव्हाला पाणी भरायला आत्ताच जावं लागणार. बांधाच्या पलीकडे ऊस. आणि गोदाकाठी ऊस म्हटलं की डोक्यात पहिला विचार येतो बिबट्याचा. उसात काहीतरी सळसळतं, तुम्ही बॅटरीचं बटण दाबता. पिवळट उजेड, दोन सेकंद, खेळ खल्लास.

तुम्ही म्हणाल, मोबाईलचा टॉर्च आहे की. पण त्याचा उजेड चार पावलांपुरता. आणि त्याच नादात मोबाईल बंद पडला, तर अडचणीत फोन कशावरून करणार?

बरं, आपल्याकडे एक गंमत आहे. शहरात ज्याला टॉर्च म्हणतात त्याला आपण बॅटरी म्हणतो, आणि आत घालतो ते सेल. खरं तर एकाला एक जोडलेले सेल म्हणजेच बॅटरी. ही जोडणी पहिल्यांदा ज्याने केली तो माणूस आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटलाय, अलेस्सांद्रो व्होल्टा. त्याची गोष्ट कळली की बॅटरी दगा का देते तेही कळतं.

चार वर्षांपर्यंत बोललाच नाही

व्होल्टाचा जन्म १८ फेब्रुवारी १७४५ चा, इटलीतल्या कोमो गावचा. घराणं मोठं, पण पैसा बेताचा. पोरगं चार वर्षांचं होईपर्यंत नीट बोलेना, म्हणून घरच्यांना धास्ती. बोलायला लागलं ते मात्र सगळ्यांच्या पुढे गेलं. वडील लवकर वारले. कुणाला वाटे याने पाद्री व्हावं, काकांना वाटे वकील व्हावं. याच्या डोक्यात मात्र वीज बसलेली.

१७७६ मध्ये त्याने माजोरे तलावाच्या दलदलीतून बुडबुडे गोळा केले. तो वायू होता मिथेन, म्हणजे आपल्या गोबर गॅसमधला मुख्य वायू. पुढे पाविया विद्यापीठात तो भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि जवळपास चाळीस वर्षं तिथेच राहिला.

बेडकाच्या तंगडीवरून वाद

१७९१ मध्ये बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानीने आपले प्रयोग छापले. मेलेल्या बेडकाच्या तंगडीला दोन वेगवेगळे धातू लावले की ती झटका देते. त्याचं म्हणणं, वीज प्राण्याच्या अंगातच असते.

व्होल्टाला आधी ते पटलं. मग शंका आली. वीज बेडकातली की त्या दोन धातूंमुळे आलेली? त्याने स्वतःच्या जिभेवर प्रयोग केला. टोकाला कथलाचा पत्रा, मागे चांदीचं नाणं, दोन्ही एकमेकांना टेकवले. जीभ आंबट झाली. लहानपणी नऊ व्होल्टचा चौकोनी सेल जिभेला लावून पाहिलेल्यांना ही चव आठवत असेल.

दोघांचा वाद युरोपभर गाजला. मध्येच नेपोलियनच्या फौजा इटलीत आल्या. नव्या राजवटीची शपथ घ्यायला गॅल्व्हानीने नकार दिला, त्याची नोकरी गेली आणि डिसेंबर १७९८ मध्ये तो वारला. व्होल्टाचं उत्तर पाहायला तो उरला नाही.

चकत्यांची उतरंड

ते उत्तर १७९९ मध्ये तयार झालं. चांदीची चकती, त्यावर जस्ताची, त्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. पुन्हा चांदी, जस्त, पुठ्ठा. अशी उतरंड रचत जायचं. एका जोडीचा जोर जेमतेम एका व्होल्टच्या आसपास, पण जोड्या वाढतील तसा जोर वाढत जातो. २० मार्च १८०० रोजी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून हे कळवलं. माणसाला पहिल्यांदाच सलग वाहणारी वीज मिळाली.

आपल्या तीन सेलच्या बॅटरीत हेच चालतं. दीड, दीड आणि दीड मिळून साडेचार व्होल्ट. म्हणूनच दोन नव्या सेलमध्ये एक जुना घालू नये. वीज तिघांतूनही जाते, त्यामुळे जुना दमला की नवे त्याच्यातून जबरदस्तीने वीज रेटतात. उजेड तर पडतोच, वर तो सेल गळायलाही लागतो.

नेपोलियन खुश, पण एक चूक राहिली

१८०१ मध्ये पॅरिसला नेपोलियनसमोर प्रयोग झाले. सुवर्णपदक मिळालं, १८१० मध्ये काउंट ही पदवी मिळाली. नेपोलियन पडल्यावर ऑस्ट्रियाचं राज्य आलं, त्यांनीही व्होल्टाला मानाने वागवलं. ५ मार्च १८२७ रोजी तो वारला. १८८१ मध्ये विजेच्या दाबाच्या एककाला ‘व्होल्ट’ हे नाव मिळालं.

पण एक गोष्ट त्याने चुकीची धरली होती. त्याला वाटायचं, दोन धातू नुसते टेकले की वीज तयार होते. प्रत्यक्षात जस्त झिजतं, त्यातून वीज येते. जस्त हेच इंधन. (आणि गॅल्व्हानीही अर्धा बरोबरच होता. आपल्या नसांमध्ये वीज खरोखर असते.)

दुकानातल्या स्वस्त सेलचं बाहेरचं भांडंच जस्ताचं असतं. सेल वापरला की भांडंच पातळ होत जातं, शेवटी भोक पडतं आणि आतलं रसायन बाहेर येतं. महिनोन्‌महिने कोनाड्यात पडलेली बॅटरी उघडल्यावर दिसणारं किटण ते हेच. म्हणून वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवायचे.

मग खिशात कोणती बॅटरी ठेवायची?

स्वस्त झिंक-कार्बन सेल घड्याळाला आणि रिमोटला ठीक. बॅटरीत अल्कलाइन घाला, महाग पडतात पण उजेड जास्त वेळ टिकतो. रोजचा वापर असेल तर चार्जिंगचे निकेल-मेटल हायड्राइड सेल परवडतात.

लिथियमचा १८६५० सेल म्हणजे १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, ३.७ व्होल्टचा. चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५०० एमएएचपर्यंत असते. त्यावर ९९०० छापलेलं दिसलं तर सरळ परत ठेवा. १४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला पेन्सिल सेलएवढाच, पण तोही ३.७ व्होल्टचा. दीड व्होल्टच्या बॅटरीत घातला तर ती जळू शकते.

बांधावरून चालायला १०० ते २०० ल्युमेन पुरतात. उसाच्या कडेला लांबवर पाहायचं असेल तर ल्युमेनच्या आकड्यापेक्षा झोत किती लांब जातो ते अंधारात पाहून घ्या.

आणि थंडी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातमीत असतो. गारठ्यात सेलमधली रासायनिक क्रिया मंदावते, नवा सेलही जुन्यासारखा वागतो. बॅटरी गाडीच्या डिकीत ठेवण्यापेक्षा स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा.

१८९९ मध्ये कोमोला व्होल्टाच्या शोधाच्या शताब्दीचं प्रदर्शन भरलं होतं. त्याला आग लागली आणि व्होल्टाची बरीचशी मूळ उपकरणं जळून गेली. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेत नळीत सेल भरलेल्या हातातल्या दिव्याचं पेटंट मंजूर झालं होतं. तेव्हाचे सेल इतके कमजोर की दिवा सलग जळायचा नाही, क्षणभर चमकायचा. म्हणून तिकडे त्याचं नाव पडलं फ्लॅशलाइट.

आज तुमची बॅटरीही क्षणभरच चमकत असेल, तर पाणी भरायला निघण्याआधी एकदा झाकण उघडून सेल बघा. उसाजवळ पोहोचल्यावर बघून उपयोग नाही.