वाळूतले पाणी शोधणारे विश्वेश्वरय्या

भारतरत्न सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव धरणांशी जोडले जाते. पिण्याच्या पाण्यासाठीचे त्यांचे कार्य मात्र दुर्लक्षित राहिले. पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या सेवेत दाखल झाले. सिंधमधील सक्करला पाणी गाळण्याच्या टाक्या बांधण्यास पैसा नव्हता. त्यांनी सिंधूच्या पात्रातच विहीर खोदून वाळूकरवी गढूळ पाणी गाळून घेतले. १९०६ मध्ये त्यांना इलाख्याच्याच अखत्यारीतील एडनला पाठविण्यात आले. तेथे पाऊस नगण्य. समुद्राच्या पाण्याची वाफ थंड करून मिळविलेले गोडे पाणी महागडे. विश्वेश्वरय्यांनी लाहेजकडील नदीच्या वाळूत विहिरी खोदून तेथून शहराला पाणी आणण्याची योजना सुचविली. १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर, या द्रष्ट्या अभियंत्याची प्राणज्योत मालवली.