हेन्री फोर्ड

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात डिअरबॉर्नजवळ एका शेतकरी कुटुंबात ३० जुलै १८६३ रोजी हेन्री फोर्ड यांचा जन्म झाला. त्या काळी शेतीची अवजड कामे माणसे आणि घोडे करीत. हेन्रीला हे कष्ट नकोसे वाटत. यंत्रांची मात्र त्याला फार आवड होती. १८७६ साली वडिलांबरोबर जाताना त्याने रस्त्याने चालणारे वाफेचे इंजिन पाहिले. घोड्यांशिवाय चालणारी ती गाडी पाहून तो थक्क झाला.

वयाच्या सोळाव्या वर्षी त्याने डेट्रॉइट शहर गाठले आणि कारखान्यात यंत्रकाम शिकून घेतले. १९०३ साली फोर्ड यांनी मोटारींची कंपनी काढली. १९०८ साली आलेल्या 'मॉडेल टी' या स्वस्त मोटारीने त्यांचे नाव जगभर झाले. तरी शेतकऱ्याचे कष्ट ते विसरले नाहीत. १९१७ साली त्यांनी 'फोर्डसन' हा ट्रॅक्टर बाजारात आणला.

वाफेचे इंजिन अवजड असे. त्याला कोळसा किंवा लाकूड आणि भरपूर पाणी लागे. पेट्रोल महाग होते. रॉकेल मात्र स्वस्त होते आणि दिव्यांसाठी खेड्यापाड्यांतही मिळत असे. म्हणून फोर्डसन रॉकेलवर चालेल असा बनवला. पण थंड इंजिनात रॉकेलची वाफ नीट होत नाही. त्यामुळे इंजिन आधी थोड्या पेट्रोलवर सुरू करीत आणि ते तापल्यावर रॉकेल सोडीत. ही घाई केली, तर न जळलेले रॉकेल खाली उतरून वंगणाचे तेल पातळ करी आणि इंजिन झिजे.

तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजे बुडवीत होत्या. ब्रिटनमध्ये अन्नटंचाईची भीती होती आणि शेतात माणसे व घोडे कमी पडत होते. म्हणून ब्रिटिश सरकारने सहा हजार फोर्डसन मागवले.

या ट्रॅक्टरमध्ये दोषही होते. नांगर कशात अडकला, तर तो मागे उलटे. त्यात काही शेतकऱ्यांचे प्राण गेले. तरीही १९२८ पर्यंत अमेरिकेत सात लाखांहून अधिक फोर्डसन तयार झाले.

७ एप्रिल १९४७ रोजी फोर्ड यांचे निधन झाले. त्या रात्री पुरामुळे त्यांच्या घरची वीज गेली होती. तेलाचे दिवे आणि मेणबत्त्या यांच्या उजेडात त्यांनी शेवटचा श्वास घेतला. खेड्यातल्या दिव्याचे तेल शेतात नांगर ओढण्याच्या कामी आणणारा हा शेतकऱ्याचा मुलगा आजही जगाच्या स्मरणात आहे.