संत मार्टिन आणि अर्धा झगा

आगमनकाळ उजाडला की आपल्या घरांत खरेदीची यादी आधी तयार होते, प्रार्थनेची वेळ मागाहून ठरते. म्हणूनच आज आम्ही तूर्सचे बिशप संत मार्टिन यांचे स्मरण करीत आहोत.

चौथ्या शतकात, आजच्या हंगेरीतील साबारिया येथे, रोमन सैन्याधिकाऱ्याच्या घरी ते जन्मले आणि इच्छा नसता सैनिक झाले. चरित्रकार सुल्पिशियस सेवेरस सांगतात, की एका कडक हिवाळ्यात आमियाँ नगराच्या वेशीवर त्यांना एक उघडा भिकारी दिसला. जवळचे सारे त्यांनी आधीच वाटून टाकले होते. उरला होता अंगावरचा झगा. तलवारीने तो दुभागून अर्धा त्यांनी त्या गरिबाला दिला. पाहणारे काही जण हसले. त्याच रात्री प्रभू येशू तो अर्धा झगा पांघरून त्यांच्या स्वप्नात आले. तोवर मार्टिन यांचा स्नानसंस्कारही झालेला नव्हता, हे विशेष!

३७१ साली ते बिशप झाले, तरी राहिले लाकडी खोपटातच. त्यांच्या मठात सुमारे ८० शिष्य होते. तेथे कोणाचे काही स्वतःचे नव्हते. खरेदी-विक्रीसही मनाई होती. (आपल्याला आठवडाभर तरी हे जमेल काय?)

३९७ साली ते प्रभूघरी गेले. ११ नोव्हेंबर हा त्यांचा सण. पाचव्या शतकात तूर्सचेच बिशप पर्पेच्युअस यांनी या सणापासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास लावून दिला. नाताळाची तयारी तेव्हा ताट रिकामे ठेवून होत असे.