न्यायनिष्ठ रामशास्त्री

साताऱ्याजवळ कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावर माहुली हे गाव आहे. तेथील एका गरीब घराण्यात रामशास्त्री प्रभुणे जन्मले. बालपणी ते साताऱ्यास एका सावकाराकडे चाकरीस होते. पुढे विद्येच्या ओढीने ते काशीस गेले व धर्मशास्त्रात पारंगत होऊन परतले. इ. स. १७५९ मध्ये ते पेशव्यांचे मुख्य न्यायाधीश झाले.

त्या काळी खुनाला एकच एक शिक्षा ठरलेली नसे. कोणास देहान्त शिक्षा होई, कोणाचे हातपाय तोडीत, कोणास किल्ल्यावर कैदेत ठेवीत, तर कोणाकडून केवळ दंड घेत. गुन्हा कसा घडला याबरोबरच गुन्हेगार कोण, हेही पाहिले जाई. ब्राह्मणास तर सहसा देहान्त शिक्षा देत नसत. अशा काळात रामशास्त्र्यांच्या कसोटीचा प्रसंग आला.

दि. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यास शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून केला. त्यानंतर त्यांचे चुलते रघुनाथराव पेशवे झाले. रामशास्त्र्यांनी शांतपणे चौकशी आरंभिली. शस्त्र चालविणारे गारदी सर्वांना दिसत होते. पण त्यांना वाड्यात आणले कोणी? चौकशीचा माग खुद्द रघुनाथरावांपर्यंत जाऊन पोहोचला. आपण पुतण्यास केवळ धरण्याची आज्ञा दिली होती, मारण्याची नव्हे, असे त्यांनी सांगितले म्हणतात. रामशास्त्र्यांना ते पटले नाही. खून करणाऱ्याइतकाच तो करविणाराही अपराधी होय, हे त्यांनी जाणले. ज्यांच्या पदरी ते चाकरी करीत होते, त्यांनाच त्यांनी निर्भयपणे निर्णय ऐकविला: या पातकास देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही!

तो निर्णय अमलात आणण्याचे सामर्थ्य न्यायाधीशाच्या हाती नव्हते. परंतु अन्यायाच्या सावलीत राहणे त्यांना मान्य नव्हते. अधिकार, मान व वेतन यांवर पाणी सोडून ते पुण्याबाहेर पडले आणि वाईजवळ एका खेड्यात जाऊन राहिले.

पुढे नाना फडणीस आदी कारभाऱ्यांनी रघुनाथरावांस दूर करून राज्याची सूत्रे हाती घेतली व रामशास्त्र्यांना सन्मानाने परत बोलाविले. इ. स. १७८९ मध्ये त्यांचा अंत होईपर्यंत न्यायाचा तराजू त्यांच्या हातात स्थिर राहिला. न्यायासनापुढे धनी आणि चाकर सारखेच, हा धडा त्यांनी आपल्या आचरणाने घालून दिला. म्हणूनच निःस्पृह न्यायाधीश म्हटला की महाराष्ट्राला आजही प्रथम रामशास्त्री आठवतात.