राणीचे नाव, गरिबाची भाकरी

आमच्या कोपऱ्यावर एक छोटे पिझ्झाचे दुकान आहे. पाच-सहा टेबले, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रे आणि रविवारी संध्याकाळी आजीपासून कडेवरच्या बाळापर्यंत सगळे घरच तिथे बसलेले. नातीला घेऊन मीही जातो. ती दर वेळी मार्गेरिटाच मागते. परवा मेनूकार्ड वाचता वाचता तिने विचारले, की ही मार्गेरिटा कोण? इटलीची राणी, एवढे सांगून मी वेळ मारून नेली; पण उत्तर माझे मलाच अपुरे वाटले. घरी येऊन पुस्तके काढली, आणि त्या गोल ताटामागची बाई हळूहळू दिसू लागली.

मार्गेरिटाचा जन्म २० नोव्हेंबर १८५१ रोजी ट्यूरिनच्या राजघराण्यात झाला. ती तीन वर्षांची असतानाच वडील गेले. १८६८ मध्ये, सोळाव्या वर्षी, तिचे लग्न सख्ख्या चुलतभावाशी, युवराज उंबेर्तोशी लावून दिले. युरोपातल्या राजघराण्यांत ते चालत असे. नवऱ्याचे मन मात्र आधीच दुसरीकडे गुंतले होते. संसारात जे मिळाले नाही, ते या मुलीने लोकांकडून मिळवायचे ठरवले असावे, असे मला वाटते.

इटली तेव्हा नुकतीच, १८६१ मध्ये, एक राष्ट्र झाली होती. दक्षिणेतले नेपल्स पूर्वी स्वतः राजधानी होते. त्याचे सिंहासन गेले आणि उत्तरेचे राजे डोक्यावर आले. त्या शहराला आपलेसे करणे हे या घराण्याचे मोठेच काम होते. मार्गेरिटाचा एकुलता एक मुलगा १८६९ मध्ये नेपल्समध्येच जन्मला आणि त्याला नेपल्सचा राजपुत्र ही पदवी मिळाली. १८७८ मध्ये ती एकसंध इटलीची पहिली राणी झाली. त्याच वर्षी नेपल्समध्ये राजाच्या गाडीवर एका तरुण स्वयंपाक्याने सुऱ्याने हल्ला केला. राणी गाडीतच होती. राजा थोडक्यात बचावला.

त्याच शहराच्या गल्ल्यांत पिझ्झा भाजला जात होता. आज आपल्याला तो हॉटेलातला पदार्थ वाटतो. तेव्हा तो कष्टकऱ्यांचा घास होता. दाट वस्ती, घरात नीट चूल नाही, हातात चार पैसे. फेरीवाले पिझ्झा डोक्यावरून विकत फिरत. १८८४ च्या पटकीने याच वस्त्यांत हजारो माणसे नेली. अशा ठिकाणचे खाणे उच्चभ्रूंना कसे वाटत असेल, ते सांगायला नको.

आणि इथे ती प्रसिद्ध गोष्ट येते. जून १८८९ मध्ये राजा-राणी नेपल्सला आले असताना राफाएले एस्पोझितो या पिझ्झावाल्याला बोलावणे आले. त्याने व त्याची बायको मारिया जोव्हान्ना ब्रांदी हिने तीन प्रकारचे पिझ्झे केले. राणीला आवडला तो टोमॅटो, मोझरेला चीज आणि तुळशीच्या जातीच्या बेसिलच्या पानांचा. लाल, पांढरा, हिरवा, म्हणजे इटलीच्या झेंड्याचेच रंग. म्हणून त्याला राणीचे नाव दिले. ११ जून १८८९ या तारखेचे, राजवाड्यातून आलेले म्हणून दाखवले जाणारे आभाराचे पत्र त्या दुकानाने अभिमानाने जपले आहे. दुकान आजही चालते, ब्रांदी या नावाने.

गंमत अशी, की अलीकडच्या अभ्यासकांना ते पत्र बनावट असल्याचा संशय आहे. शिवाय मोझरेला आणि बेसिल घातलेल्या पिझ्झ्याचे वर्णन १८६६ च्या पुस्तकातही सापडते. म्हणजे राणीसाठी पदार्थ जन्मला, असे काही नाही. फार तर गरिबाच्या पदार्थाला राणीचे नाव चिकटले.

ते नाव किती शोभते, याचा विचार पुढचे वाचताना मनात येतो. १८९८ मध्ये पाव महागला, मिलानमध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि सैन्याने त्यांच्यावर तोफा डागल्या. कित्येक माणसे मेली. त्या सेनापतीला राजा उंबेर्तोने सन्मानचिन्ह दिले. त्याचा सूड म्हणून २९ जुलै १९०० रोजी मोंझा येथे एकाने राजाला गोळ्या घातल्या. मार्गेरिटा विधवा झाली. ती कलांची जाणकार होती, धीटही होती; १८९३ मध्ये साडेचार हजार मीटरहून उंच अशा मोंते रोझावरच्या निवाऱ्यापर्यंत ती चढून गेली होती. पण भाकरीसाठी ओरडणाऱ्यांची बाजू तिने घेतल्याचे दिसत नाही. उतारवयात तिची सहानुभूती मुसोलिनीच्या फॅसिस्टांकडे गेली. ४ जानेवारी १९२६ रोजी बोर्दिगेरा येथे ती वारली. पुढे १९४६ मध्ये इटलीतल्या जनतेने मतदान करून राजेशाहीच काढून टाकली.

सिंहासन गेले, पिझ्झा राहिला. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले, ते त्या हातांना. एस्पोझितो हे आडनाव नेपल्समध्ये पूर्वी अनाथाश्रमाच्या दारात सोडलेल्या मुलांना देत. राफाएलेच्या कुठल्या तरी पूर्वजाला आईबापांचे नावही मिळाले नसावे. मेनूकार्डावरही त्याचे नाव नाही.

या रविवारी नातीला हे सगळे सांगितले, तोफा तेवढ्या वगळून. तिने शांतपणे ऐकले, आणि पिझ्झा घेऊन आलेल्या मुलाला त्याचे नाव विचारले. तो आधी गोंधळला, मग हसला. इतक्या रविवारी तिथे जाऊन मी कधी विचारले नव्हते.